गोठ्यात स्पीकर बसवण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत गावोगावच्या गोठ्यांत सध्या स्पीकर बसू लागले आहेत. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींत बासरी वाजत असते, गायी निवांत रवंथ करत असतात आणि खाली लिहिलेले असते, ‘दूध दोन लिटरने वाढले’. ते पाहून पाच-सहा जनावरांचा शेतकरीही अॅम्प्लिफायर आणि चार बॉक्सची चौकशी करू लागतो. गोठ्यात संगीताचा उपयोग होतो, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण तो किती होतो, नेमका कुठे होतो आणि चुकीचे लावले तर काय बिघडते, हे सांगणारे कुणी भेटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा द्यावी ही विनंती.

दूध कासेत तयार होणे वेगळे आणि ते सडात उतरणे वेगळे. तयार किती होणार हे जात, वेत, चारा, आंबोण (भिजवलेला खुराक), पाणी आणि हवा यांवर ठरते. गाण्याचा खरा संबंध येतो तो उतरण्याशी. धारेला बसतो तेव्हा गायीच्या कासेतले साधारण ८० टक्के दूध वरच्या बारीक पिशव्यांत धरलेले असते. सडाच्या वरच्या पोकळीत मोकळे असते ते फार तर २० टक्के, आणि म्हशीत तर जेमतेम ५ टक्के. बाकीचे खाली येण्यासाठी मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटावे लागते. सडाला हात लागला, वासरू ढुसले, ओळखीच्या बादलीचा आवाज आला, आंबोण समोर पडले की ते रक्तात येते आणि त्या पिशव्या आवळल्या जातात. गायीला यासाठी एक-दीड मिनिट लागते, म्हशीला दोन मिनिटे किंवा त्याहून बरीच जास्त. एकदा पान्हा आला की त्याचा जोर सहा-सात मिनिटेच टिकतो, तेवढ्यात धार संपली पाहिजे.

याच्या आड येते ती भीती. जनावर दचकले की अॅड्रिनलिन हे दुसरे संप्रेरक सुटते, कासेकडे जाणारा रक्तपुरवठा आखडतो आणि ऑक्सिटोसिन असूनही पिशव्या आवळत नाहीत. अमेरिकेत एली आणि पीटरसन या संशोधकांनी १९४१ मध्ये हे दाखवले. त्यांनी धारेच्या वेळी गायीच्या पाठीवर मांजर ठेवले, कागदी पिशव्या फोडून आवाज केले, आणि गायींनी दूध धरून ठेवले. आपल्याकडची म्हातारी माणसे ‘म्हैस पान्हा चोरते’ म्हणतात ते हेच. म्हैस मुद्दाम काही चोरत नाही. तिच्या हातात ते नसतेच. म्हणून अशा वेळी तिला काठी मारणे ही सर्वांत वाईट गोष्ट, कारण त्याने पुढची वीस-तीस मिनिटे पान्हा येण्याची शक्यताच संपते.

दूध अर्धवट उतरले तर नुसते लिटर कमी होत नाही, फॅटही पडते. सुरुवातीच्या धारांत फॅट एक-दोन टक्के असते आणि शेवटच्या धारा सर्वांत दाट असतात. त्या कासेतच राहिल्या की संकलन केंद्रावर फॅट खाली दाखवते आणि पुढच्या वेळी, राहिलेले दूध त्यात मिसळल्यामुळे, एकदम वर जाते. दोन धारांमधले तास सारखे असूनही जनावराचे फॅट असे खालीवर होत असेल, तर पेंड बदलण्याआधी धारेच्या वेळी गोठ्यात काय चालते ते पाहावे. (सकाळी पाच आणि दुपारी चार अशा वेळा असतील तर दिवसाचे अंतर कमी पडते आणि संध्याकाळचे फॅट तसेही जास्त येते. तो दोष समजू नये.) डेअरीच्या सेक्रेटरीशी होणाऱ्या कितीतरी भांडणांचे मूळ गोठ्यातल्या गोंगाटात असते. कासेत मागे राहणारे दूध दगडीलाही (कासेच्या सुजेलाही) आमंत्रण देते.

आता संगीताकडे. ज्या प्रयोगाचा हवाला सगळीकडे दिला जातो तो इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांचा, २००१ चा. हजारभर होल्स्टिन गायी, नऊ आठवडे, दिवसाचे बारा तास संगीत. मिनिटाला १०० ठोक्यांपेक्षा कमी लयीचे संथ संगीत असताना दर गायीमागे रोज ०.७३ लिटर, म्हणजे सुमारे ३ टक्के दूध जास्त मिळाले. १२० ठोक्यांवरच्या जलद संगीताने काही फरक पडला नाही. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांचे निकाल एकसारखे आले नाहीत. म्हणजे उत्तमात उत्तम निकाल धरला तरी तो ३ टक्क्यांचा आहे, तोही यंत्रावर पिळल्या जाणाऱ्या, थंड हवेतल्या गायींचा. दहा लिटरच्या गायीला ३ टक्के म्हणजे ३०० मिली. लिटरला ३५ रुपये धरले तर दिवसाला साडेदहा रुपये. पाच गायींचे पन्नासेक रुपये होतात, आणि ते मिळाले तर सोडू नयेत. पण ‘दोन लिटर’ हा आकडा कुठून येतो, याचा विचार करावा. बहुतेक वेळा तो नुकत्याच व्यालेल्या गायीचा असतो. ती सहा ते आठ आठवडे आपोआपच चढत असते, गाणे असो वा नसो.

लिटरपेक्षा वागणुकीतला बदल जास्त भरवशाचा. कॅनडात झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धारेच्या वेळी नेहमी संगीत ऐकणाऱ्या गायी ते संगीत सुरू झाल्यावर आपणहून दूध काढण्याच्या यंत्राकडे जास्त संख्येने आल्या. तिथे गाणे खुणेसारखे काम करत होते: हे वाजले की खाणे मिळते, कास हलकी होते, कुणी मारत नाही. आपल्याकडच्या पंढरपुरी म्हशी खुणेवर पान्हा सोडण्यात तरबेज. कोल्हापुरात गवळी त्यांना रस्त्यावर, गिऱ्हाईकासमोर उभ्या करून पिळत आले आहेत, कारण त्या ओळखीच्या हाताला आणि हाकेला लगेच दूध देतात. मुऱ्हा त्या मानाने हट्टी, रेडकावर जास्त अवलंबून. रेडकू दगावले की ती आटते, आणि मग रेडकाचे भुसा भरलेले कातडे किंवा पान्हा आणणारे इंजेक्शन हे दोनच मार्ग लोकांना दिसतात. रेडकू असतानाच ठरावीक सूर, आंबोण आणि कास चोळणे यांची सांगड घालून ठेवली, तर पुढे तसा प्रसंग आला तरी म्हशीला ओळखीचे काहीतरी शिल्लक राहते. संगीताचा सर्वांत मोठा उपयोग आम्हाला इथे दिसतो.

हे जमवायला मोठा खर्च लागत नाही. वीस बाय तीस फुटांच्या गोठ्याला दहा वॅटचा एक साधा स्पीकर पुरतो. तो सात-आठ फुटांवर, जनावरांच्या तोंडावर न रोखता, कोपऱ्यात भिंतीकडे थोडा वळवून लावावा. जमिनीलगत लावला तर मुताच्या वाफेने आणि धुण्याच्या पाण्याने दोन-तीन महिन्यांत खराब होतो. मोठ्या आवाजात चालवलेला लहान स्पीकर फाटका, खरखरीत आवाज काढतो. गायीला ३५,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, माणसाला २०,००० पर्यंतच. तिचा कान सर्वांत तल्लख असतो ८,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा बारीक, उंच स्वरांना. आपल्याला चालून जाणारी खरखर तिला टोचते. म्हणून आवाजाचे बटण निम्म्याच्या वर नेऊच नये. मोबाईलवर आवाज मोजण्याची फुकट अॅप मिळतात. मोबाईल गायीच्या कानाच्या उंचीवर धरून ६० ते ६५ डेसिबल दिसले म्हणजे झाले. अॅप नको असेल तर गाणे चालू असताना हाताच्या अंतरावर उभ्या दोन माणसांना आवाज न चढवता बोलता आले पाहिजे, एवढे पाहावे.

काय वाजवावे हा प्रश्न हमखास येतो. बासरी, संतूर, संथ आलाप, सनईतले मंद स्वर, यांपैकी काहीही चालते. राग कोणता याने गायीला फरक पडतो, असे मानायला आधार नाही. लय मिनिटाला ६० ते १०० ठोके, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाजाची पातळी एकच, एवढे पुरे. गावच्या भजनाची ध्वनिफीत लावण्याची इथे आवड आहे, पण भजन संथ सुरू होते आणि शेवटाकडे टाळ-मृदंगासह द्रुत लयीत चढते. टाळ-झांजांचा किणकिणाट नेमका गायीच्या तल्लख पट्ट्यात येतो, आणि ती वेळ नेमकी शेवटच्या दाट धारांची असते. भजन लावायचेच असेल तर सुरुवातीचा संथ भाग वेगळा काढून तोच पुन्हा वाजू द्यावा.

मोबाईलवरून थेट इंटरनेटवरचे गाणे लावणे टाळावे. मधेच जाहिरात येते आणि ती गाण्यापेक्षा मोठी असते. फोन वाजतो. ब्लूटूथ जोडल्या-तुटल्याची घोषणा स्पीकर मोठ्याने करतो. अशा एका दचक्याने त्या वेळची धार बिघडते आणि गाण्याशी जोडलेली चांगली खूणही पुसट होते. चाळीस-पन्नास मिनिटांची एक फाईल पेनड्राइव्हवर घालून तीच रोज लावावी. नवे गाणे ऐकायची हौस माणसाला असते, गायीला नाही.

सुरुवात एकदम करू नये. पहिले चार-पाच दिवस वैरण टाकताना, अगदी बारीक आवाजात वाजू द्यावे. जनावर कान टवकारणे सोडून खाऊ लागले की मग धारेच्या वेळी. त्यानंतरचा क्रम कायम एकच ठेवावा. धारेआधी दहा-पंधरा मिनिटे गाणे सुरू करावे, मग आंबोण टाकावे. कोमट पाण्याने सड धुऊन स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावेत. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळे कापड लावलेल्या वाटीत काढून गाठी पाहाव्यात. कास एक मिनिट, म्हशीची दोन-तीन मिनिटे चोळावी आणि सड टम्म झाला की अंगठा न मुडपता पूर्ण मुठीने पिळायला घ्यावे. सहा-सात मिनिटांत संपवावे. मधे उठू नये, फोन घेऊ नये. शेवटी सड अर्धा टक्का आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि हिरवी वैरण टाकून जनावर अर्धा तास उभे राहील असे करावे, कारण धारेनंतर सडाचे छिद्र तेवढा वेळ उघडे असते. सगळ्या जनावरांची धार झाली की गाणे बंद. रात्री तर अजिबात नको. दुभती गाय दिवसाचे बारा-चौदा तास बसून काढते आणि सात-आठ तास रवंथ करते, त्यासाठी तिला शांतता लागते. हा क्रम पाळला नाही आणि स्पीकर मात्र लावला, तर त्यातून काही मिळणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

खानापूर, जांबोटी भागातल्या गोठेवाल्यांसाठी वेगळी सूचना. पत्र्याच्या छतावर आषाढातला पाऊस कोसळतो तेव्हा गोठ्यात आपले बोलणेही ऐकू येत नाही. त्या आवाजावर मात करायला स्पीकर वाढवला की दोन्ही आवाज मिळून जनावराला छळतात. पावसाचा आवाज एकसारखा असतो, त्याला जनावर सरावते. त्या दिवशी गाणे बंद ठेवलेले बरे. पत्र्याखाली बांबूचा तट्ट्या किंवा गोणपाट ताणून घेतला तर पावसाचा दणका आणि उन्हाळ्याचा ताव दोन्ही कमी होतात. अथणी-कागवाड-रायबाग पट्ट्यात पत्र्यावर उसाच्या पाचटाचा थर टाकतात, त्याचाही हाच फायदा. मात्र पाचट आगीला लगेच धरते, म्हणून चुलीपासून आणि तारांपासून लांब ठेवावे. त्याच पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत होल्स्टिन गाय उष्म्याने धापत असेल तर आधी पंखा, अंगावर पाणी आणि चोवीस तास प्यायला पाणी. तिथे तीन टक्क्यांसाठी संगीतावर पैसे घालणे चुकीचे आहे, उष्म्याने जाणारे दूध त्याच्या कितीतरी पट असते.

विजेबद्दल कळकळीने सांगायचे आहे. गोठ्याची जमीन ओली, गव्हाण आणि दावणीचे पाइप लोखंडी, जनावर चार पायांवर उभे. अर्थिंग नसलेल्या अॅम्प्लिफायरमधून पाइपात एक-दोन व्होल्टची गळती झाली तरी चपला घातलेल्या माणसाला कळत नाही, गायीला मात्र झिणझिण्या येतात. ती पाणी प्यायला कचरते, जिभेने चाटून-चाटून पिते, धारेच्या वेळी पाय झाडते, आणि मालक म्हणतो, गाणे हिला आवडत नाही. मल्टिमीटरचे एक टोक पाण्याच्या टाकीला किंवा पाइपाला आणि दुसरे ओल्या जमिनीवर ठेवलेल्या पत्र्याला लावून एसी व्होल्ट पाहावे. एक व्होल्टच्या आसपास दिसले तरी वायरमनला बोलवावे. सर्वांत सोपे म्हणजे बॅटरीवर चालणारा स्पीकर घेणे आणि तो गोठ्याबाहेर चार्ज करणे. दूध काढण्याचे यंत्र असेल तर व्हॅक्यूम पंप भिंतीपलीकडे बसवून नळी आत घ्यावी. पंप शेजारी घरघरत असताना बासरी लावण्यात अर्थ नाही.

फरक पडला की नाही हे पाहण्याची पद्धतही नीट हवी. नुसते ‘आधी इतके, नंतर इतके’ फसवते. व्यायला दोन-तीन महिने होऊन गेलेली, निरोगी जनावरे निवडावीत. दोन आठवडे गाण्याविना, दोन आठवडे गाण्यासह, पुन्हा दोन आठवडे गाण्याविना, असे सहा आठवडे दर जनावराचे सकाळ-संध्याकाळचे दूध वहीत लिहावे. मोजमाप मापट्याने करू नये, फेसात पाव लिटर सहज हरवतो. टांगत्या वजनकाट्यावर किलोत घ्यावे, एक लिटर दूध म्हणजे साधारण १.०३ किलो. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याची सरासरी काढून मधल्या टप्प्याशी ताडावी, म्हणजे वेत पुढे सरकल्याने होणारी नैसर्गिक घट वजा होते. या काळात चारा बदलू नये. आपल्या भागात ऊसतोड सुरू झाली की सगळ्यांच्या दावणीला उसाचे वाडे (हिरवे शेंडे) येते आणि दूध-फॅट दोन्ही हलते, तेव्हा ते पंधरा दिवस प्रयोगाला घेऊ नयेत. माजाचे दिवस, ताप, लसीकरणाचा आठवडा वहीत खूण करून हिशेबातून वगळावा. एवढे करून १०० मिलीचा फरक निघाला तर तो योगायोगही असू शकतो. पण लाथा मारणे थांबले, पान्हा लवकर येऊ लागला, धारेला लागणारा वेळ कमी झाला, तर लिटर न वाढताही गाणे चालू ठेवावे. ‘सडाला हात लावल्यापासून पहिली जोरदार धार येईपर्यंत किती सेकंद’ हेही घड्याळ लावून लिहिले, तर लिटरपेक्षा लवकर उत्तर मिळते.

हे सगळे लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे, ते ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनचे. सीमाभागात रोज सकाळ-संध्याकाळ म्हशीला सुई टोचणारे गोठे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. रोजच्या सुईने म्हशीचे स्वतःचे पान्हवणे मंदावते आणि सुईशिवाय ती दूधच सोडत नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असे इंजेक्शन देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे गुन्हा आहे. सुई सोडवायची तर एका दिवसात सुटत नाही. दोन-तीन आठवडे दूध कमी येणार हे धरून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुई कमी करत जावी आणि तिच्या जागी रेडकू, आंबोण, कास चोळणे, एकच धार काढणारा माणूस आणि एकच संथ सूर हे सगळे एकदम सुरू करावे. एकटे गाणे सुईची जागा घेणार नाही. पण ते सूर ऐकताच म्हैस आंबोणाकडे वळू लागली, की निम्मे काम झाले समजावे.

शेवटचा मुद्दा गोठ्याबाहेरच्या आवाजाचा, आणि तो गोठेवाल्याच्या हातात नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठमोठे स्पीकर लावून पहाटे आणि संध्याकाळी गावातून जातात. अरुंद गल्लीत, रस्त्याला लागून गोठे असतात आणि तीच वेळ धारेची असते. भाद्रपदात आणि लग्नसराईत डॉल्बीच्या ठोक्याने पत्रे थरथरतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, आणि दिवसाही वस्तीत ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ग्रामपंचायतींनी, कारखान्यांनी आणि मंडळांनी पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते सात एवढ्या वेळात गावठाणातून जाताना आवाज बंद ठेवायचे ठरवले, तर कुणाचा सण अडणार नाही. कारखान्यांना हे करारातच घालता येईल. बेळगावात दिवाळी पाडव्याला गवळी बांधव म्हशींना रंगवून, शिंगांना मोरपिसे लावून मिरवतात. ती परंपरा आम्हालाही प्रिय आहे. फक्त त्या दिवशी म्हशींसमोर सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली फिरवू नयेत, दुभत्या आणि गाभण म्हशी मिरवणुकीतून वगळाव्यात, आणि दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळची धार फटाके सुरू होण्याआधी, चार-साडेचारलाच उरकून घ्यावी. धार अशी अलीकडे ओढायची तर चार-पाच दिवस आधीपासून रोज पंधरा मिनिटांनी सरकवावी, आणि गाणेही तेवढेच आधी सुरू करावे.

आपले,
पशुवैद्यक आणि दूध उत्पादक
खानापूर, निपाणी व चिकोडी तालुके, जि. बेळगाव